सेल्फला अर्थ मिळेना

गाडीच्या स्टार्टर मोटरला आपल्याकडे कुणी स्टार्टर मोटर म्हणत नाही. सेल्फ म्हणतात. सेल्फ मारणे, सेल्फ न उचलणे, सेल्फ जाणे, सेल्फ बांधून घेणे. हा शब्द आला कुठून याचा मी कधी विचार केला नव्हता. आमच्या मारुतीचा सेल्फ दीड वर्षात चार वेळा गेला, तेव्हा मात्र विचार करायला भरपूर वेळ मिळाला. बराचसा वेळ रस्त्याच्या कडेला उभं राहून.

गाडी म्हणजे १९९७ ची मारुती ८००. पांढरी, कार्बोरेटरवाली, चोकची दांडी ओढून चालू करायची. ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि कंपनीने ती बनवणं थांबवलं जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे आमची साधारण मधल्या पिढीतली. बाबांनी ती रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातल्या नोकरीत असताना कर्ज काढून घेतली. तेव्हापासून ती लोणावळ्यात, भांगरवाडीतल्या घरासमोर उभी असते. मी नोकरीसाठी पुण्यात आलो, गाड्या बदलल्या, घरं बदलली. ती आहे तिथेच आहे. शनिवार-रविवार घरी गेलो की एक फेरी मारायची, एवढाच माझा तिच्याशी संबंध.

बाबांचा संबंध मात्र रोजचा. भाजी, बँक, रेशन आणि मंगळवार-शुक्रवार तळेगाव. त्यांचे एक जुने मित्र आहेत, बुकिंग ऑफिसातलेच. मी त्यांना काका म्हणतो. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस घ्यावं लागायचं. घरी ते आणि काकू दोघंच, मुलगा चिंचवडला. तेव्हा बाबा त्यांना सकाळी गाडीत घालून जुन्या हायवेने तळेगावला न्यायचे, चार-पाच तास तिथे वर्तमानपत्र वाचत बसायचे आणि दुपारी परत आणायचे. तीसेक किलोमीटर जाणं, तितकंच येणं. एक्स्प्रेस वेवर बाबा कधी गेले नाहीत. "तिथे सगळे घाईत असतात," म्हणायचे.

आता मूळ गोष्ट.

२०२२ मध्ये गाडीचं पासिंग आलं. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी खाजगी गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते. दारांच्या खालचा पत्रा गंजला होता. लोणावळ्यात हे व्हायचंच. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पावसाळाभर कपाटातल्या चपलांनाही बुरशी, तिथे पत्र्याची काय कथा. मी ठरवलं की करायचं तर नीट करू. गाडी डेंटिंग-पेंटिंगला टाकली. बाबा म्हणत होते खालचा पत्रा तेवढा करू या, बाकी कशाला? पण मला हौस. मी पेंटरला म्हटलं, बॉनेट उघडलं की आतूनही पांढरी शुभ्र दिसली पाहिजे. त्याने बॅटरी काढली, वायरी सोडवल्या, आत सगळीकडे फवारा मारला आणि सगळं परत जोडून दिलं. मार्चमध्ये गाडी घरी आली तेव्हा खरंच शोरूममधून आणल्यासारखी दिसत होती. पासिंगही झालं. मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. तुमच्यापैकी काहींनी "वा वा" केलेलं आठवत असेल.

हा परिच्छेद लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

जुलैत सेल्फ गेला. चावी फिरवली की नुसतं 'टक'. इंजिन ढिम्म. गावातल्या इलेक्ट्रिशियनने खोलून दाखवलं, आतले कार्बन झिजले होते. सेल्फच्या आत फिरणाऱ्या भागाला वीज पोचवायला कार्बनचे छोटे ठोकळे असतात, ते घासून घासून संपतात. पंचवीस वर्षांची गाडी, संपले असतील. नवे टाकले, गाडी भुर्रकन चालू झाली.

डिसेंबरात पुन्हा. थंडीत सकाळी 'टक टक टक टक' असा टाइपरायटरसारखा आवाज. या वेळी सोलेनॉइड गेला म्हणाले. सेल्फच्या पाठीवर जो छोटा डबा असतो तो. चावीतून येणारा थोडासा प्रवाह त्यातलं चुंबक ओढतो, त्या ओढीने दाते पुढे सरकून फ्लायव्हीलला लागतात आणि आतले दोन जाड तांब्याचे संपर्क मिळून बॅटरीची सगळी ताकद मोटरला मिळते. ते संपर्क जळून काळे पडले होते. तो बदलला. बॅटरीपण जुनी होती, म्हटलं तीही बदलून टाकू, कटकट नको.

याच सुमाराला बाबा मला फोनवर म्हणाले, "अरे, चोक हल्ली जड लागतो ओढायला. आणि सेल्फ मारताना जरा जळकट वास येतो." मी म्हटलं, "बाबा, केबल जुनी झालीय. तेल सोडतो शनिवारी." तेल काही सोडलं नाही. वासाचं तर डोक्यातूनच गेलं.

जुलै २०२३. रविवार, पाऊस, आणि भुशी डॅमला जाणारी अख्खी मुंबई-पुणे गावात. बाबा आणि आई कुमार चौकाजवळ गाडी बंद पडून अडकले. गर्दीत बंद झाली आणि परत चालूच होईना. मागून हॉर्न. शेवटी कणसं खात चाललेल्या चार-पाच पोरांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. आईने हा प्रसंग हसत हसत सांगितला. बाबा हसत नव्हते. ते फक्त म्हणाले, "घाट चढायला मेल असो की मालगाडी, मागून धक्का लागतोच." कर्जतहून लोणावळ्याला वर येताना बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात, चढ १ ला ३७ आहे. रेल्वेतल्या माणसाला अशा वेळी अशीच उपमा सुचणार.

या वेळी सेल्फ खोलला तर आर्मेचरच जळलेलं. तांब्याच्या तारांवरचं वॉर्निश काळं, करपलेला वास. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, सेल्फ फार वेळ धरून ठेवतात का हो? पाच सेकंदांच्या वर धरायचा नसतो. दहा म्हणजे डोक्यावरून पाणी. मग अर्धा मिनिट थांबायचं." त्याचं म्हणणं खरं होतं. आणि बाबा चावी बराच वेळ धरून ठेवतात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. र्र... र्र... र्र... करत, पंधरा-वीस सेकंद.

झालं! मला उत्तर सापडलं.

माझा पोटापाण्याचा धंदा म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं. त्यामुळे उत्तर सापडलं की ते जाहीर करण्याची मला फार घाई असते. त्या रात्री जेवताना मी बाबांना सेल्फ या विषयावर व्याख्यान दिलं. मोटर किती प्रवाह खेचते, तारा कशा तापतात, चावी किती सेकंद धरावी. आणि शेवटी, जे म्हणायला नको होतं ते म्हणालो. "तुमच्या आता लक्षात येत नाही बाबा. इंजिन पकडतंय की नाही हे कानाला कळायला हवं. तीन सेल्फ झाले."

बाबांनी ताटातला भात संपवला. म्हणाले, "असेल."

नवा, म्हणजे रिकंडिशन केलेला सेल्फ बसला. त्यानंतर बाबांनी गाडी चालवली नाही. भांडण नाही, अबोला नाही. चावी फक्त किल्ल्यांच्या खिळ्यावर गेली आणि तिथेच राहिली. आईने एकदा फोनवर सांगितलं की ते हल्ली चालतच जातात बाजारात, तब्येतीला बरं. मी म्हटलं, वा, छानच की.

काका मग लोकलने तळेगावला जायला लागले. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. बाबा सोबत असायचेच. जाताना ठीक, पण डायलिसिसनंतर माणूस गळून गेलेला असतो. रिक्षा, जिना, फलाटावरची वाट पाहणी, परत लोकल. पावसाळा कसाबसा काढला. डिसेंबरात मुलगा दोघांना चिंचवडला घेऊन गेला. तिथे हॉस्पिटल घराजवळ आहे, हे झालं ते योग्यच झालं. फक्त गाडीमुळे ते गेले असं मी म्हणणार नाही, आज ना उद्या जाणारच होते. पण पंचेचाळीस वर्षांची रोजची मैत्री फोनवर आली, त्यात त्या पाच महिन्यांच्या लोकलचा काहीच वाटा नव्हता असंही मला म्हणता येणार नाही.

या काळात गाडी फक्त मीच चालवत होतो. शनिवारी सकाळी आणि रविवारी सकाळी. मनात एक, दोन, तीन, चार, पाच मोजत. पाचच्या वर कधीही चावी धरली नाही. धरली नाही म्हणजे नाही. पकडलं नाही तर अर्धा मिनिट थांबायचो.

जानेवारी २०२४ च्या एका शनिवारी 'टक'.

आता गंमत बघा. गाडी तीच, रस्ता तोच, फक्त चावी धरणारा हात बदललेला. आणि निकाल तोच. ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने असा पुरावा समोर ठेवला असता तर मी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं की तुझा संशयित निर्दोष आहे. इथे मी दहा मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलो. घराच्या ओट्यावर बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत पेपरात घातली. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग आईनेच सांगितलं की कामशेतला एक म्हातारे मिस्त्री आहेत, ट्रॅक्टर आणि जिपांची वायरिंग करतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. आमच्या गल्लीला बरा उतार आहे. गाडी ढकलून, दुसरा गिअर टाकून, क्लच सोडून चालू केली. कार्बोरेटरच्या गाड्यांची ही एक मजा आहे, बॅटरीत थोडा जीव असला की ढकलून सुरू होतात. निघताना बाबांना म्हटलं, "येता का?" मला वाटलं नाही म्हणतील. ते चपला घालून येऊन बसले. डावीकडच्या सीटवर.

कामशेतपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर आम्ही हवापाण्याबद्दल बोललो.

मामांनी सेल्फला हातच लावला नाही. मला याचंच आश्चर्य वाटलं. आधीचे तिघंही पाना घेऊन थेट सेल्फवर गेले होते. मामांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "रंग भारी मारलाय. कधी मारला?"

"मार्च २०२२."

"आन् सेल्फ पैल्यांदा कधी गेला?"

"जुलैत. त्याच वर्षी."

ते नुसतं "हां" म्हणाले. मग बाबांकडे वळून विचारलं, "बाबा, गाडी तुमी चालवता ना? दुसरं काय जाणवतं का? वास, आवाज, काय बी?"

दीड वर्षात हा प्रश्न बाबांना कुणी विचारला नव्हता. इलेक्ट्रिशियनांनी नाही, मी तर नाहीच.

बाबा म्हणाले, "चोक अडकतो. आणि सेल्फ मारला की जळकट वास येतो. सेल्फचा नाही, इकडून, आतून येतो." त्यांनी डॅशबोर्डच्या खाली हात दाखवला.

मामा हसले. मला म्हणाले, "मारा सेल्फ. थांबू नका म्हणेस्तवर." मी मारला. टक, र्र... र्र... मामांनी इंजिनकडून चोकच्या केबलला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं. "लावा हात," म्हणाले. मी लावला. केबल गरम होती. उन्हात ठेवल्यासारखी कोमट नव्हे, चहाच्या कपासारखी गरम. आतलं प्लॅस्टिक वितळून तार चिकटत होती, म्हणून चोक जड.

"सेल्फला अर्थ मिळत न्हाय," मामा म्हणाले.

मला एकदम हसूच आलं. अध्यात्माच्या कुठल्याही पुस्तकात शोभेल असं वाक्य, कामशेतच्या गॅरेजमध्ये, ग्रीसने माखलेल्या माणसाच्या तोंडी. पण त्यांना त्यात काही विनोदी वाटलं नाही. ते रोजच म्हणत असणार. इंग्रजीतल्या त्या जमिनीवाल्या शब्दाचा आपल्या वायरमन लोकांनी केव्हाच 'अर्थ' करून टाकलाय.

प्रकार असा. बॅटरीच्या प्लसकडून एक जाड केबल सेल्फकडे जाते, ती सगळ्यांना दिसते, तिला सगळे तपासतात. पण वीज नुसती जाऊन भागत नाही, तिला परतही यावं लागतं. परतीची वाट म्हणजे सेल्फचं स्वतःचं अंग, तिथून इंजिन, इंजिनपासून बॉडीला जोडणारी एक जाड पट्टी आणि बॉडीतून बॅटरीचा मायनस. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून वेगळंच. त्या दोघांना विजेच्या दृष्टीने जोडणारी ती एकच पट्टी. आणि आमच्या पेंटरने रंग मारल्यावर ती पट्टी त्या सुंदर, पांढऱ्या, चकचकीत रंगावर ठेवून बोल्ट आवळला होता. माझ्या सांगण्यावरून मारलेल्या रंगावर. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून काय थोडी जाईल ती जात होती, आणि लोणावळ्याच्या पावसाने त्या आटेही गंजवत आणले होते.

मग वीज काय करते? पाण्यासारखी दुसरी वाट शोधते. इंजिनला बॉडीशी जोडणारं आणखी काय काय आहे? चोकची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. या बिचाऱ्या बारीक तारांमधून तो प्रचंड प्रवाह परत येऊ पाहत होता. जळका वास तो.

मामांनी मीटर काढला. साधा, दोनशे-तीनशे रुपयांचा. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. "मारा." आकडा आला २.८ व्होल्ट. तो खरं तर अर्ध्या व्होल्टच्या आतच हवा. प्लसच्या बाजूला तसंच मोजलं, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंत, तर ०.३. म्हणजे ती बाजू ठीक. सेल्फ मारताना बॅटरीवर होते १०.४. त्यातून २.८ आणि ०.३ गेले, सेल्फच्या वाट्याला उरले ७.३. बारा व्होल्टच्या मोटरला सव्वासात!

मी विचारलं, आधीच्या लोकांनी टेस्ट लॅम्प लावून बघितला होता, दिवा तर चांगला पेटायचा. मामा म्हणाले, "दिवा काय, थोडक्यावर बी पेटतो." घरी येऊन मी हिशेब केला. गाडीच्या टपाचा ५ वॅटचा दिवा अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह घेतो. सेल्फ घेतो शंभराच्या वर. जोडात समजा एका ओहमचा चाळिसावा भाग इतका अडथळा आहे. दिव्याच्या प्रवाहाने तिथे एका व्होल्टचा शंभरावा भाग पडेल, कुणाला कळणारही नाही. सेल्फच्या प्रवाहाने अडीच-तीन व्होल्ट पडतात. म्हणून नुसता पट्टीचा अडथळा मीटरने मोजला तरी तो शून्यच दाखवतो. ओझं अंगावर असतानाच मोजावं लागतं. रिकाम्या हाताने सगळेच धडधाकट असतात.

शेवटची खात्री म्हणून मामांनी जम्परची एक केबल घेतली आणि बॅटरीचा मायनस सरळ इंजिनला जोडला. "मारा." गाडी अर्ध्या सेकंदात चालू! गेल्या दीड वर्षात ती तशी चालू झालीच नव्हती. पट्टीखालचा रंग त्यांनी पॉलिश पेपरने खरवडून चमकता पत्रा काढला, नवी पट्टी, दातेरी वॉशर, बोल्ट आवळून वर व्हॅसलिन. सोलेनॉइडचे संपर्क घासून दिले, चोकची केबल बदलली. एकूण साडेसहाशे रुपये. आधीच्या तीन हेलपाट्यांना किती गेले ते इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

आता सेल्फ जळत का होता? मी समजत होतो तसं नव्हतं. उलट होतं.

व्होल्टेज कमी, म्हणून मोटर हळू फिरते. हळू फिरते म्हणून इंजिन लवकर पकडत नाही. ठिणगीलाही वीज कमी पडते, त्यामुळे आणखीनच उशीर. इंजिन पकडत नाही म्हणून माणूस चावी धरून ठेवतो. जितका वेळ धरतो तितका वेळ शे-सव्वाशे अँपिअर त्या तारांमधून जातात आणि तारा करपतात. सोलेनॉइडचंही तेच. त्याला पुरेशी ओढ मिळत नाही, तो अर्धवट लागतो-सुटतो-लागतो, दर वेळी ठिणगी, संपर्क जळतात. मी पाच सेकंद मोजत होतो तेव्हा तारा वाचल्या, पण दर वेळी चार-पाचदा सेल्फ मारावा लागायचा आणि सोलेनॉइड त्यातच गेला. उन्हाळ्यात इंजिनचं तेल पातळ, म्हणून काही महिने बरे जायचे. पाऊस किंवा थंडी आली की पुन्हा. आणि नवा भाग टाकला की थोडे दिवस सगळं सुरळीत, म्हणून प्रत्येकाला वाटायचं, आपण दुरुस्त केलं.

थोडक्यात, बाबा चावी फार वेळ धरत होते म्हणून सेल्फ दमत नव्हता. सेल्फ दमलेला होता म्हणून बाबांना चावी धरावी लागत होती.

हे वाक्य मी परत येताना गाडीत मनात तयार केलं. आणि मग ते बाबांना सांगणं भाग होतं. मी आधी तांत्रिक भाग सांगितला, कारण तो सोपा असतो. पट्टी, रंग, व्होल्ट. मग म्हटलं, "रंग मी मारायला लावला होता. तुम्ही नको म्हणत होता. आणि मी तुम्हाला त्या दिवशी जे बोललो ते..." पुढचं नीट आलंच नाही.

बाबा खिडकीतून कार्ल्याच्या डोंगराकडे बघत होते. म्हणाले, "मला खरंच वाटलं होतं."

"काय?"

"की मला आता कळत नाही. इंजिन पकडलं की नाही. कान गेले असतील म्हटलं."

यावर मला काही बोलता आलं नाही. पाच महिने नव्हे, सहा महिने हा माणूस आपल्या कानांवर संशय घेऊन बसला होता. मी सांगितलं म्हणून. मीटर न लावता.

घरी येऊन सेल्फ हा शब्द कुठून आला ते शोधलं. पूर्वी गाडी चालू करायला पुढून हँडल मारावं लागायचं. ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. १९११ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेवर चालणारा स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसला. गाडी स्वतःच स्वतःला चालू करते, म्हणून 'सेल्फ स्टार्टर'. आपण शेपूट कापून नुसता सेल्फ ठेवला. केटरिंगने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनसाठी विजेची मोटर केली होती. त्याच्या ध्यानात आलं होतं की काम क्षणभराचंच असेल तर छोट्या मोटरकडूनही तिच्या कुवतीबाहेरचं काम करून घेता येतं. फक्त क्षणभर. जास्त वेळ नाही. आणि 'स्वतः' असं नाव असलं तरी परतीची वाट धड असल्याशिवाय तो जागचा हलत नाही, हे आम्हाला कामशेतला कळलं.

असो. उपदेश पुरे. मी एवढंच करायला लागलोय की एखादी गोष्ट तीनदा तीच मोडली, तर त्या गोष्टीकडे बघणं थांबवून 'याच्या आधी आपण काय केलं होतं?' असं विचारायचं. आणि जो माणूस ती रोज हाताळतो त्याला आधी विचारायचं, त्याच्यावर संशय असला तर नक्कीच.

त्यानंतर सेल्फ गेलेला नाही. दोन पावसाळे नीट गेले. बाबांनी चावी खिळ्यावरून काढायला अजून तीन आठवडे घेतले. एका शुक्रवारी सकाळी आईचा फोन आला की ते एकटेच गाडी घेऊन गेलेत, कुठे ते सांगितलं नाही. मी काळजीत. दुपारी फोन लागला तेव्हा पाठीमागे काकांचा आवाज ऐकू येत होता. जुन्या हायवेने तळेगाव, देहूरोड, निगडी करत चिंचवडला गेले होते. "डायलिसिसला सोडलं त्याला," म्हणाले. "इथून दोन किलोमीटर आहे. मुलगा म्हणत होता मी सोडतो. म्हटलं, राहू दे."

आता महिन्यातून एखादा शुक्रवार ते तसे जातात. पूर्वीसारखं आठवड्यातून दोनदा नाही. ते काही परत येणार नाही.

एक मात्र आहे. आमच्या गल्लीत गाडी लावायला सपाट जागा आहे, आमच्या दारातच. तरी बाबा अजून गाडी पुढे नेऊन उतारावर लावतात, तोंड खाली करून. सेल्फ गेलाच तर ढकलायला बरी. मी एकदा म्हटलं, "बाबा, आता गरज नाही. अर्थ पक्का आहे."

"असू दे," म्हणाले. "लावतो तिथेच."

मी पुन्हा काही बोललो नाही.